बलभुजा

बल गुणिले बलभुजा
बरोबर भार गुणिले भारभुजा,
हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं
देवळाली कॅम्पच्या शाळेत,
आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच डिसेंबरात
मखमलाबादच्या घरामागे
गुलाबांच्या सहा खड्ड्यांपैकी साडेतीन
एका रविवारात खणले.

वर वीतभर काळी माती, खाली मुरूम.
असा मुरूम, की कुदळ उडून परत यायची
आणि झिणझिण्या थेट दाढांत.
घमेलं शिगोशीग भरायचे,
गुडघे ताठ, कमरेतून वाकून उचलायचे,
पाय जागचे न हलवता
पिळून कुंपणाकडे भिरकवायचे.
चहासुद्धा उभ्यानं घेतला.

सोमवारी फणी डोक्यापर्यंत पोचेना.
मंगळवार सोमवारहून वाईट.
जिना उलटी उतरले, कठडा धरून,
एकेका पायरीशी वाटाघाटी करत.
ज्या भुजेचे मी आयुष्यभर मार्क कापले
ती स्वेटरच्या बाहीत शिरायला तयार नव्हती.

बुधवारी गिरणाऱ्याच्या नर्सरीतून
रोपं घेऊन छोटा हत्ती आला,
मागच्या फाळक्यावर ठकूबाई बेंडकुळे.
खड्डे बघितले, मला बघितलं.
"ताई, एका दिसात हिर पाडायची व्हती का?"
मी हसले नाही. हसलं की बरगड्या दुखत होत्या.

त्यांनी कुदळ मागितलीच नाही.
खराटा मागितला.
झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, सावकाश,
मग नळापर्यंत दोन खेपा, रिकाम्या बादलीनं.
"बैलबी दावणीवरनं उठल्या उठल्या वढत न्हाई."
मग अर्ध्या खड्ड्यात दोन बादल्या ओतल्या
आणि चक्क बसल्या, तंबाखू मळत.
"माती भिजतीय. तवर आपुन कशाला दमायचं?
खरं तर रातीच पाजाया पायजे तिला."

मी पायरीवर बसून मोजत होते, जुनी खोड:
दहा घाव उजवा हात पुढे,
दहा घाव डावा.
घमेलं निम्मंच.
गुडघ्यांतून खाली, घमेलं पोटाशी,
आणि वळायचं ते पावलांसकट,
जशी बाई बाजारात वळते
कडेवर झोपलेलं पोर घेऊन.
दर थोड्या वेळानं पाठीवर हात ठेवून
मागे झुकून आभाळ बघायचं,
मग तांब्याभर पाणी.

तळाशी दगड निघाला, माठाएवढा.
त्यांनी पहार घेतली,
दगडाला अगदी खेटून तिच्याखाली अर्धी वीट सारली
आणि दुसऱ्या टोकावर नुसत्या रेलल्या.
दगड उठला,
झोपेतून उठतो तसा, कुरकुरत.
"टेकू," मी म्हणाले.
"ईट," त्या म्हणाल्या.

जाताना विचारलं, हे कुणी शिकवलं?
डावा खांदा त्यांचा बोटभर खाली आहे,
तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.
"पाटाच्या कामावर व्हते तव्हा कोन सांगनार?
मुकादम म्हनायचा, भर घमेलं.
कंबर गेली. मंग तिनंच सांगितलं."
आणि रिकामे ट्रे एकात एक घालून
फाळक्यावर चढल्या, आधी उजवा पाय.

दहा दिवस मी कुदळीला हात लावला नाही.
काल रात्री पाचव्या खड्ड्याच्या जागेवर
पाणी सोडून झोपले.
सकाळी थंडी बोचरी, खराटा गार.
झाडलं. खेपा घातल्या. शेजारचे सोनवणे
गॅलरीतून बघत राहिले, बादली रिकामी का.
पाऊण तासाचा गजर लावला होता.
वाजला तेव्हा कुदळ मस्त लागत होती,
हात सैल, मुरूम मऊ,
अजून एक फूट सहज गेला असता.
कुदळ भिंतीला टेकवली.
बंबातलं गरम पाणी, कोमट तिळाचं तेल,
संध्याकाळी सोसायटीला दोन फेऱ्या.

आज पहाटे त्या अर्ध्या खड्ड्यात
एक साळुंकी उतरलेली,
भिजल्या मुरमात काहीतरी टोचत.
मी खिडकीत उभी होते, ती उडेपर्यंत,
केस विंचरत.